प्रार्थनेनंतरची गोळी

सुमारे चार वर्षांपूर्वी, एका सोमवारी संध्याकाळी मी माझ्या एका रुग्णावर चारचौघांत रागावलो. त्या रागाची किंमत मला मोजावी लागली नाही, ती त्याने मोजली. त्याच्या डाव्या पायाचे दुसरे बोट काढावे लागले. या लेखाचा विषय श्रद्धेतून मिळणारा धीर असा असला, तरी आरंभी ही कबुली देणे मला आवश्यक वाटते.

माझा दवाखाना मुळशी तालुक्यातील उरवडे येथे आहे. पूर्वी हे गाव भाताच्या खाचरांसाठी ओळखले जाई. आता पिरंगुटच्या आसपास उभ्या राहिलेल्या कारखान्यांमुळे नगर, जालना, बीड, परभणी अशा दुष्काळी मुलुखांतून आलेली कुटुंबे येथील चाळींत भाड्याने राहतात. त्यांपैकी काही घरे ख्रिस्ती आहेत. मराठी ख्रिस्ती माणूस म्हटले की शहरी वाचकाला चटकन वसई आठवते, परंतु नगर आणि जालन्याकडच्या खेड्यांत तीन-चार पिढ्यांपासून उपासनामंदिरे आहेत. त्यांची बोली तुमच्याआमच्या खेड्यांतली आहे. त्यांची कितीतरी गीते अभंग-ओवीच्या चालीवर जातात, आणि याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (१८६१-१९१९) जाते. मी स्वतः ख्रिस्ती नाही, माझ्या घरी गणपती बसतो. मी लिहितो आहे ते दवाखान्याच्या खिडकीतून जे दिसले त्याविषयी.

तो रुग्ण बेचाळीस वर्षांचा, कंत्राटी हमाल. सहा वर्षांपासून मधुमेह. त्या सोमवारी तापासाठी आला, तेव्हा यंत्रावर साखर ३८० दिसली. विचारल्यावर त्याने सांगितले की, दोन महिन्यांपूर्वी एका प्रार्थनासभेत त्याच्या डोक्यावर हात ठेवून ‘तू बरा झालास’ असे सांगण्यात आले आणि तेव्हापासून त्याने गोळ्या बंद केल्या आहेत. बाकावर सात-आठ माणसे बसली होती. मी मोठ्याने म्हणालो, “देवाने बरे केले असेल, तर माझ्याकडे कशाला आलास?” बाकावर हशा पिकला. त्याने पैसे टेबलावर ठेवले आणि मान खाली घालून तो निघून गेला. तापाची चिठ्ठी टेबलावरच राहिली.

पुढचे पाच महिने तो दिसला नाही. ऐन श्रावणात आला तो लंगडत, आणि सोबत एक वृद्ध बाई होत्या. कामावरचे नवे गमबूट बोटाला चावले होते. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. जखम दुखली नाही, म्हणून त्याने पाहिली नाही. मोजा काढला तेव्हा बोट काळे पडले होते. त्याला तातडीने पुण्याला पाठवले. बोट गेले, पाऊल वाचले.

गाडीची वाट पाहत असताना त्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, त्या दिवशी तुम्ही ह्याच्या साखरेला काहीच बोलला नाहीत. ह्याच्या देवाला बोललात. मग तो परत कसा येणार?”

तीस वर्षांच्या व्यवसायात माझ्यावर इतकी नेमकी टीका कोणी केलेली नाही.

त्या बाई त्याच्या नात्यातल्या नाहीत. दोघे एकाच मंडळीत जातात, इतकेच. ‘मंडळी’ हा शब्द ख्रिस्ती मराठीत उपासनेसाठी जमणाऱ्या समुदायाला लावतात. आपल्याकडे जुन्या घरांत तो पत्नीसाठीही वापरला जाई, हे आठवून मला गंमत वाटते. दोन्ही अर्थांत घर आहेच. त्यांचा आणखी एक शब्द माझ्या कानाला आधी खटकत असे, ‘उत्तेजन’. कोणी आजारी, कर्जबाजारी, दुःखी असेल, तर “त्याला उत्तेजन द्यायला जायचे आहे,” असे ते म्हणतात. वैद्यकीय कानाला उत्तेजन म्हणजे नाडी वाढवणारे औषध! परंतु या आजी उत्तेजन देतात म्हणजे नेमके काय करतात, ते मी पुढे जवळून पाहिले.

शस्त्रक्रियेनंतर तो घरी आला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी साडेसातला आजी त्याच्या खोलीवर जाऊ लागल्या. एक गीत, शास्त्रातला एक लहान भाग, मग प्रार्थना. प्रार्थनेत त्या औषध बनवणाऱ्या कारखान्यासाठी, पाणी आणून देणाऱ्या त्याच्या बायकोसाठी आणि (मला हे त्याच्याच तोंडून कळले) ‘रागीट डॉक्टरसाठी’सुद्धा आभार मानत. ‘आमेन’ झाले की त्याने गोळी घ्यायची, आणि ती गिळली हे त्या पाहणार. मग पट्टी उघडून जखमेचा रंग, वास, ओल बघायची. आमच्या शास्त्रात देखरेखीखाली औषध देण्याची ही पद्धत क्षयरोगासाठी दीर्घकाळ वापरली गेली आहे. आजींनी ती कोठे वाचलेली नव्हती. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी त्याची तपासणी आधी ११.४ होती, ती वर्षभरात ७.६ वर आली.

येथे एखादा वाचक विचारील, मग ते यश प्रार्थनेचे की गोळीचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न झालेला आहे. २००६ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयांतील हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटासाठी अनोळखी माणसांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. या दोन्ही गटांना ‘कदाचित तुमच्यासाठी प्रार्थना होईल’ एवढेच सांगितले होते. त्यांच्यातील गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले, ५२ आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे’ असे सांगण्यात आले होते, आणि त्यांच्यात ते प्रमाण ५९ टक्के आले. म्हणजे दुरून, न पाहिलेल्या माणसासाठी केलेल्या प्रार्थनेने शस्त्रक्रिया सुकर झाली नाही.

आता दुसरा अभ्यास पाहा. २०१६ साली ७४,५३४ अमेरिकन परिचारिकांची सोळा वर्षांची माहिती तपासली गेली. त्यांत बहुसंख्य ख्रिस्ती होत्या. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. मुळात धडधाकट स्त्रियाच उपासनेला जात असतील, अशी शंका घेता येते आणि संशोधकांनी ती लक्षात घेऊनच हिशेब केला होता. कारणे शोधताना त्यांना आढळले की माणसांचा आधार, धूम्रपानाचे कमी प्रमाण, नैराश्याची कमी लक्षणे आणि आशावाद यांचा त्यात वाटा आहे. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला आजींचे साडेसात वाजणे आठवते. त्यांची प्रार्थना उंबरठा ओलांडून येत होती.

याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दौंड तालुक्यातील केडगाव येथे, अशा श्रद्धेचे एक मोठे उदाहरण आहे. आमच्याकडे पावसाळ्यात चिखल सुकत नाही आणि तिकडे पाऊस यावा म्हणून आकाशाकडे पाहावे लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती मिशन’ उभे आहे. रमाबाईंची विद्वत्ता आणि त्यांचे धर्मांतर यांवर पुष्कळ लिहिले गेले. मला डॉक्टर म्हणून त्यांच्या आयुष्यातली वेगळीच गोष्ट ओढून घेते. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी या देशातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने. परंतु त्यांची श्रवणशक्ती क्षीण होत चालली होती आणि तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम हजर होत्या. जे शिक्षण आपल्याला घेता आले नाही, त्याची पदवी आपल्याच नात्यातील मुलीच्या हाती पाहताना त्यांच्या मनात काय आले असेल?

दुष्काळात आईवडील गेलेले, भाऊ गेलेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती पटकीने गेलेला. असे आयुष्य पाठीशी असताना १८९६-९७ च्या दुष्काळात या बाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली-स्त्रियांना केडगावी घेऊन आल्या. तेथे विहिरी खणल्या गेल्या, हातमाग चालू लागले, छापखाना आला, अंध मुलींना शिकवण्याची सोय झाली. प्रार्थना होत होत्या, पण त्याच आवारात दळण, विणकाम आणि शेतीही होत होती. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा तेथील प्लेग-रुग्णालयात मुलींना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे रुग्णालयाच्या कारभाराविषयी गप्प राहायचे, असे त्यांना वाटत नव्हते. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या, सामान्य स्त्रियांना वाचता यावे म्हणून. ते काम त्यांनी पुढे नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

अशा माणसांकडे पाहून दुःखितांना ‘धीर धरा’ म्हणणे सोपे जाते. मी ते पूर्वी फार म्हणत असे. ७ जून २०२१ रोजी उरवड्यातील एका कारखान्याला आग लागली आणि अनेक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यानंतरच्या दिवसांत माझ्याजवळचे सगळे शब्द संपले. समजावणे हे धीर देण्यातले अगदी लहान काम आहे, हे तेव्हा मला कळले. बसणे, चहा करणे, कागदपत्रांच्या रांगेत उभे राहणे ही त्याहून मोठी कामे आहेत.

शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची कथा बहुतेकांना ठाऊक असते, जखमी वाटसरूला मदत करणारा म्हणून. आजींनी ती एकदा मला त्यांच्या पद्धतीने सांगितली. त्यांच्या मते त्या कथेतले खरे कौतुक पट्टी बांधण्याचे नाहीच. तो जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, दुसऱ्या दिवशी मालकाला पैसे देतो आणि परतताना उरलेला खर्च चुकता करण्याचे वचन देतो. म्हणजे तो पुन्हा येणार आहे! आम्ही डॉक्टर रुग्णाला ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ म्हणतो. दाखवायला त्यानेच यायचे असते.

तुमच्या घरी श्रद्धा कोणतीही असो, एक गोष्ट मी आर्जवाने सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन, फेफऱ्याचे औषध, क्षयरोगाचा ठरलेला कालावधी, मनोविकाराच्या गोळ्या या कोणाच्याही सांगण्यावरून अचानक थांबवू नयेत. बरे झाल्यासारखे वाटत असेल, तर आनंदाने डॉक्टरांकडे या. तपासून मात्रा कमी करता येते का ते पाहू. लेंटच्या चाळीस दिवसांत किंवा नवरात्रात उपवास करायचा असेल, तर मधुमेही व्यक्तीने आधी औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात, नाहीतर साखर एकदम उतरते. आणि एखादे माणूस दोन आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य उच्चारू नका. आधीच दबलेल्या माणसावर त्याने अपराधाचे ओझे चढते. त्याच्याजवळ बसा, आणि टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक त्याला लावून द्या.

माझ्या सहव्यवसायी बंधुभगिनींनाही थोडे सांगायचे आहे. रुग्णाने प्रार्थनेचा उल्लेख केला की आपला चेहरा बदलतो, तो त्याला दिसतो. मी आता विचारतो, “प्रार्थना किती वाजता करता?” उत्तर आले की गोळी त्याच वेळेला जोडून देतो. कागदावर ‘जेवणानंतर’ लिहून जे साधत नव्हते, ते यातून पुष्कळदा साधते.

तो हमाल आता पायाला झेपेल असे बसून करायचे काम करतो. आपण एक दिवस पूर्ण बरे होऊ, यावर त्याचा विश्वास आहे. मी त्यावर वाद घालत नाही. त्याचे पाऊल टेबलावर घेतो आणि बोटांच्या बेचक्यांत नीट पाहतो. मागच्या भेटीत आजींचाही रक्तदाब तपासला. १७० होता. रोज दुसऱ्याला गोळी देणाऱ्या या बाई स्वतःची गोळी आठवड्यातून तीनदाच घेत होत्या. त्या ओशाळून हसल्या. त्याने लगेच बजावले, “आजी, आजपासून साडेसातला दोन पेले पाणी.”

पुढची तपासणी दहा तारखेला आहे. निघताना आजींनी विचारले, “रिक्षाने आणू की बसने? पाय त्याचा आहे, पण भाडे मंडळीचे आहे.” मी रिक्षा सांगितली.