ड्रिलच्या थकलेल्या बॅटरीचा दुसरा उपयोग

बागाइतदाराच्या घरीं बिनतारी ड्रिल हें हत्यार आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. गोठ्याचे पत्रे, दारांच्या बिजागऱ्या, ठिबकच्या नळ्यांचीं छिद्रें अशीं पुष्कळ कामें त्यानें उरकतात. कांहीं वर्षांनीं त्याची बॅटरी दम सोडूं लागते, नव्या बॅटरीची किंमत ऐकून मालक दचकतो, आणि जुनी फळीवर जाऊन पडते. तींत बहुधा बरेंच बळ शिल्लक असतें, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

याचें कारण समजण्याजोगें आहे. बॅटरी जुनी झाली म्हणजे तिची साठवण घटते, आणि त्याबरोबरच प्रवाहाला होणारा तिचा अंतर्गत विरोधहि वाढतो. ड्रिल लोखंडांत अडलें कीं वीस-तीस अँपिअर प्रवाह एकदम ओढतें. त्या ओढीनें जुन्या बॅटरीचा दाब कोसळतो व यंत्र थांबतें. दिव्याला अर्धा अँपिअरहि पुरतो. नांगराला न टिकणारा बैल कोळप्याला चालतो, तसाच हा प्रकार.

लिथियमच्या ज्या बॅटरीवर १८ किंवा २० व्होल्ट लिहिलेले असतात, त्या दोन्ही बहुधा एकच. आंत ३.६ व्होल्टचे पांच घट एकापुढें एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक घट ४.२, म्हणजे एकंदर २१ व्होल्ट होतात. ४ अँपिअर-तासांची नवी बॅटरी सुमारें ७२ वॅट-तास देते. झिजून निम्मी उरली तरी ६ वॅटचा एल. ई. डी. दिवा तिच्यावर पांच तास जळावा. पाठीवरील फवारणी-पंपांत पुष्कळदां १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. तिचें वजन दोन-अडीच किलो, तर ड्रिलची बॅटरी एक किलोहूनहि हलकी. पंप ३ अँपिअर घेत असल्यास अशी निम्मी बॅटरी पाऊण तास चालते; म्हणून दोन जवळ असाव्या.

परंतु १८ व्होल्ट सरळ १२ व्होल्टच्या मोटारीस देऊं नयेत. दाब उतरविणारा बक कन्व्हर्टर मध्यें घालावा, आणि तो पंपाच्या गरजेहून दुप्पट अँपिअरचा असावा. बॅटरी अडकविण्याचा तयार साचा बाजारांत मिळतो. त्याच्या धन तारेवर, बॅटरीच्या अगदीं जवळ, फ्यूज हवाच.

एक गोष्ट आम्हीं नुकसान सोसून शिकलों. बॅटरी फार उतरूं न देण्याची योजना कित्येकदां बॅटरींत नसून ड्रिलमध्यें असते. आम्हीं गोठ्यांतला दिवा अशा बॅटरीवर लावला व रात्रीं बंद करण्यास विसरलों. सकाळीं तिच्यांत ७ व्होल्ट उरले होते. तिचा चार्जर तिला स्वीकारीना. दुसऱ्या चार्जरानें बळेंच भरा, असा सल्ला एका शेजाऱ्यांनीं दिला. तो आम्हीं मानला नाहीं. इतक्या उतरलेल्या घटांत तांबें विरघळून पुढें आंतल्या आंत जोड होतो, आणि मग भरतांना आग लागूं शकते. १५ व्होल्टांवर प्रवाह तोडणारा लहानसा कट-ऑफ आधींच बसविला असता, तर ती बॅटरी वांचली असती.

फुगलेली, भिजलेली किंवा भरतांना तापणारी बॅटरी वापरूंच नये. पेटी फोडून घट सुटे करण्याची हौसहि आम्हांस पसंत नाहीं. जुन्या ड्रिलांतील निकेल-कॅडमियमच्या बॅटरींत कॅडमियम हें विष असतें. ती बांधावर पुरूं नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हां विक्रेत्याकडे विचारणा करावी, भंगारवाल्याच्या पोत्यांत टाकूं नये.

बॅटरी भरणें तिच्या स्वतःच्याच चार्जरावर, फरशीवर, कडब्यापासून दूर आणि कोणी जागें असतांना करावें.