पाळी जाताना: घर, नोकरी आणि पेन्शन

हळदीकुंकवाला जमलेल्या बायका मधुमेहावर, गुडघेदुखीवर मोकळेपणी बोलतात. पण पाळी जाण्याचा विषय निघाला की आवाज खाली येतो. "वयच आहे, चालायचंच" म्हणून विषय संपतो. मी या काळातून पूर्णवेळ नोकरी करत गेले. म्हणून इंग्लंडमधल्या आपल्या मैत्रिणींना, आणि त्यांच्या यजमानांनाही, काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. इथल्या बायकांत हे साधारण ५१व्या वर्षी होते. भारतात सरासरी ४६-४७च्या आसपास. तेव्हा चाळिशीतच त्रास सुरू झाला तर नवल नाही. इस्ट्रोजेन कमीजास्त होऊ लागले की शरीराचे तापमान सांभाळणारी मेंदूतली यंत्रणा बिथरते. म्हणून अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप मोडते. मग चिडचिड, विसरभोळेपणा, कामात लक्ष न लागणे ओघानेच येते. सांधेदुखी आणि छातीतली धडधडही याच कारणाने होऊ शकते.

जी.पी.कडे जाऊन आपण "थकवा येतो, अंग दुखतं" एवढेच सांगतो आणि पॅरासिटामॉल घेऊन परततो. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन आठवडे खुणा केल्या: वाफा किती वेळा आल्या, रात्री किती वेळा जाग आली, पाळी कधी आली. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवल्यावर बोलणे सोपे झाले. पंचेचाळिशीनंतर लक्षणांवरूनच निदान होते, हॉर्मोनची तपासणी सहसा लागत नाही. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासायला सांगावे. थकवा आणि धडधड त्यांमुळेही होते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

एच.आर.टी.ची धास्ती २००२ सालच्या अमेरिकन अभ्यासाने बसली. आज डॉक्टर सांगतात, की साठीच्या आत सुरू केल्यास बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही घ्यावे लागते. दोन्ही मिळून स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. गोळीने रक्तात गुठळी होण्याचा धोका काहीसा वाढतो, तसा तो पट्टीने किंवा जेलने वाढत नाही. घरात कोणाला असे आजार असल्यास आधी सांगावे. एच.आर.टी. नको असल्यास दुसरी औषधेही आहेत. खर्चाचे म्हणाल, तर एप्रिल २०२३पासून इंग्लंडमध्ये दोन प्रिस्क्रिप्शनच्या पैशांत, यादीतल्या एच.आर.टी. औषधांसाठी वर्षभराचे प्रमाणपत्र मिळते.

या वयात हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. दही, दूध आणि नाचणी आपल्या ओळखीची आहेतच. त्यांच्या जोडीला रोज भरभर चालावे. आपल्या सावळ्या कातडीला इथले ऊन पुरत नाही, म्हणून ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी बारा महिने घ्यावी, असा सल्ला इथली आरोग्यसेवा देते.

आता नोकरीचे. साहेबांना सगळे सांगायची गरज नाही. "प्रकृतीमुळे रात्री झोप होत नाही. काही महिने तासाभराने उशिरा आले आणि संध्याकाळी भरून काढले तर चालेल का?" एवढे पुरते. मी टेबलावर छोटा पंखा आणि खिडकीजवळची जागा मागितली, दोन्ही मिळाले. गणवेश असेल तर सुती कापडाचा मागावा. एप्रिल २०२४पासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा अर्ज नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करता येतो, आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्रास दीर्घकाळ आणि गंभीर असेल, तर २०१०च्या समानता कायद्याचे संरक्षणही मिळू शकते.

कंटाळून राजीनामा देण्याआधी एक हिशेब मात्र करावा. पूर्ण सरकारी पेन्शनला साधारण ३५ वर्षांचा नॅशनल इन्शुरन्स लागतो, आणि काहीही मिळायला निदान १०. तिसाव्या वर्षी इथे आलेल्या बाईने ४८व्या वर्षी नोकरी सोडली, तर तिची अठराच वर्षे भरतात. शिवाय कंपनीच्या पेन्शनमध्ये मालक भरतो ते पैसेही थांबतात. तास कमी केले, तरी पगार नॅशनल इन्शुरन्सच्या मर्यादेखाली जाऊ देऊ नये.

त्रास काही वर्षांत ओसरतो, पेन्शन मात्र जन्मभर लागते. तेव्हा मैत्रिणींनो, आधी औषध मागा, मग सवलत मागा. राजीनाम्याचा विचार सगळ्यात शेवटी. आणि पुढच्या हळदीकुंकवाला हा विषय निघाला, तर आवाज खाली आणू नका.