नागपूरचं ऊन आणि प्लेगची पिसू

नागपूरच्या मे महिन्याबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं ऐकिवात नाही. पारा 45 च्या पुढे गेला की शहर कूलरपुढे बसून उन्हाला शिव्या घालतं. पण या उन्हाचा एक जुना उपकार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवाळ्यात चढणारा प्लेग ऊन तापलं की ओसरत असे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. मग धान्याची पोती आणि आगगाडी यांच्या सोबतीने तो देशभर फिरला. मुंबईहून नागपूरला रेल्वे 1867 मध्येच आली होती. 1902 च्या साथीत नागपुरातल्या केशव हेडगेवारांचे आईवडील दोघेही गेले, पुढे डॉ. हेडगेवार म्हणून ओळखला गेलेला हा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता.

घरात ‘उंदीर पडले’ की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधत. जिवाणू त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, पण आधी उंदीर आणि मग माणूस हा क्रम त्यांना पक्का ठाऊक होता. सरकारचा रोख मात्र माणसांवर. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या गोऱ्या सोजिरांनी घराघरांत झाडाझडती घेतली आणि 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढच्याच वर्षी, जून 1898 मध्ये, पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की आजारी उंदराचा रोग निरोगी उंदराला पिसवा देतात. त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने गिनिपिग टांगून पाहिले, तेव्हा कुठे शंका फिटली. जमिनीपासून दोन इंचांवरचे गिनिपिग आजारी पडले, दोन फुटांवरचे धडधाकट राहिले. पिसवेची उडी तिथवर पोचतच नव्हती!

पिसवेच्या पोटात घडतं ते याहून विलक्षण. ‘यर्सिनिया पेस्टिस’ हा जिवाणू तिच्या जठराच्या तोंडाशी असलेल्या काटेरी झडपेवर चिकट थर धरतो. नळात कचरा अडकावा तशी वाट तुंबते. रक्त आत जात नाही, भूक भागत नाही, म्हणून पिसू पुन्हापुन्हा चावते, आणि दर वेळी अडलेलं रक्त जिवाणूंसह जखमेत उलटं टाकते. न तुंबलेली पिसूही कधीकधी रोग देते, पण तुंबलेली उपाशी पिसू अधिक घातक.

इथे ऊन कामी येतं. साधारण 28 अंशांच्या वर हा थर नीट टिकत नाही, वाट मोकळी होते. शिवाय पिसवेची अंडी-अळ्या जमिनीवरच्या धुळीत वाढतात. कोरड्या उष्ण हवेत त्या सुकून मरतात. ब्रुक्स या संशोधकाने भारतातल्या साथींची हवामानाशी सांगड घालून 1917 मध्ये हेच मांडलं: सरासरी तापमान 27 अंशांच्या आसपास गेलं आणि हवाही कोरडी असली, तर साथ तग धरत नाही. मुंबईची हवा दमट. तिथे प्लेग मार्च-एप्रिलमध्ये ऐन भरात असे. विदर्भाचं रखरखीत ऊन म्हणजे पिसवेचं मरण. अर्थात उंदराच्या बिळात ते पोचत नाही, म्हणूनच साथ पुढच्या हिवाळ्यात परत येई.

फुप्फुसाच्या प्लेगला मात्र पिसू लागत नाही. तो खोकल्यातून पसरतो आणि उपचार न झाल्यास बहुधा जीव घेतो. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा. सुरतेतून माणसं लोंढ्याने पळाली, दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं. आज डॉक्सिसायक्लिन, जेंटामायसिन अशी औषधं वेळेत मिळाली तर रोगी बहुधा वाचतो. ताप आणि जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ दिसली की दिवस घालवायचा नाही, एवढंच.

आणि भरभर उंदीर पडू लागले, तर काठी घेऊन उरलेल्यांच्या मागे लागू नये. मेलेल्या उंदराचं अंग थंड पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि जवळचं गरम रक्त शोधतात. म्हणून आरोग्य कर्मचारी आधी पिसवांवर कीटकनाशक मारतात, उंदरांकडे नंतर वळतात.