झेब्राफिशची सकाळ

झेब्राफिशची मादी अंडी घालते ती उजेड पडल्या पडल्या. ती वेळ हुकली की प्रयोगशाळेचा तो दिवस बहुतेक वाया जातो. म्हणून पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या मत्स्यगृहात मी दिवे लागायच्या आधीच जाऊन उभी राहिले.

खोली उबदार आणि दमट. पाण्याचं तापमान साडेअठ्ठावीस अंश. फळ्यांवर टाक्यांच्या रांगा आणि त्यांत बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगभर निळ्या आडव्या रेघांचे मासे. काचेजवळ हात नेला की अख्खा थवा एकदम वळतो. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, संथ ओढ्यांत आणि भातखाचरांच्या कडेच्या उथळ पाण्यातही ते असेच थव्याने राहतात. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्यांचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं.

तयारी आदल्या संध्याकाळीच झालेली असते. मत्स्यगृह सांभाळणाऱ्या ताई जोड्या निवडतात. पोट फुगीर आणि रुपेरी, ती मादी; सडपातळ, पोटाशी पिवळसर झाक असलेला, तो नर. दोघं एकाच डब्यात, पण मध्ये पारदर्शक पडदी. डब्याचा तळ जाळीचा, कारण हे मासे स्वतःचीच अंडी खातात. जाळीतून खाली गेलेली तेवढी वाचतात.

दिवे लागले. ताईंनी पडदी उचलली. नर लगेच मादीच्या मागे लागला, तिच्या कुशीला तोंड घासत वळसे घेऊ लागला. थोड्याच वेळात तळाशी बारीक ठिपके दिसायला लागले. एका खेपेला मादी शंभर-दोनशे अंडी सहज घालते. ताईंनी मासे बाजूला काढले आणि डब्यातलं पाणी चहाच्या गाळणीतून ओतलं. साधी प्लॅस्टिकची गाळणी. या कामाला तिच्यासारखं दुसरं साधन नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली पाऊण मिलिमीटरचं अंडं काचेच्या गोटीसारखं स्वच्छ दिसतं. खाली बलकाचा गोळा, वर एकच पेशी. पाऊण तासाने त्या पेशीच्या माथ्यावर खाच उमटली, खोल गेली आणि दोन पेशी झाल्या. मग दर पंधरा मिनिटांनी दुप्पट: चार, आठ, सोळा. माझी नजर हलेना. जनुकांत बदल करायचा असेल तर काचेची सुई शक्यतो त्या पहिल्या पेशीच्या अवस्थेतच टोचावी लागते. पडदी केव्हा उचलायची याला एवढं महत्त्व आहे ते त्यामुळे.

गर्भ आईच्या शरीराबाहेर वाढतो आणि आरपार दिसतो, म्हणून अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशावर काम सुरू केलं. १९८१ मध्ये त्यांचा क्लोनिंगवरचा निबंध प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचं निदान एक तरी भावंड या माशात आहे, हे २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच वाचल्यावर कळलं. शिवाय त्याच्या हृदयाच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत तो पुन्हा भरून येतो, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं.

एवढं सगळं उभं आहे ते ताईंच्या रोजच्या कामावर. मेलेलं अंडं पांढरं पडतं; ते ड्रॉपरने वेळीच उचललं नाही तर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. पिल्लांच्या खाण्यासाठी मिठाच्या पाण्यात आर्टेमिया हे कोळंबीच्या जातीचे बारीक जीव उबवावे लागतात. माशांना रविवार नसतो, दिवाळीही नसते. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत या माणसांची नावं आलीच पाहिजेत.

चोवीस तासांनी त्याच अंड्यांतले गर्भ शेपटी झटकत होते आणि हृदय धडधडताना स्पष्ट दिसत होतं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, अनेक संशोधन संस्था सर्वांसाठी दारं उघडतात. मुलांना घेऊन जा, आणि झेब्राफिशचा गर्भ दाखवायची सोय आहे का, हे तिथे जरूर विचारा.