पाऊस कुणी पळवला?

डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीतून ती झाली, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. तेव्हापासून पवनचक्की म्हटले की लोक बीडचे नाव घेतात. मला मात्र सातारा आठवतो, आणि अजून चीड येते.

  साताऱ्यातला खेळ मांडला गेला तो नव्वदीच्या अखेरीस, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के, नंतरच्या नियमाने 80 टक्के, घसारा करात वजावट म्हणून मिळायचा. त्यामुळे पवनचक्की हे दूरच्या शहरांतल्या पैसेवाल्यांसाठी कर वाचवण्याचे साधन झाले. एजंट सातबारा घेऊन गावोगाव फिरू लागले. ‘पडीक माळ आहे, काय करणार ठेवून?’ असे म्हणत त्यांनी जमिनी घेतल्या. त्या माळावर जनावरे चरत होती, नाचणी-वरी होत होती, हे कुणी विचारले नाही.

मग दुष्काळ आला. 2003 साली माण, खटाव, आटपाडी, जत तालुक्यांत चारा-पाण्याचे हाल झाले आणि बोलणे पसरले: पवनचक्क्यांची पाती ढग पळवतात. पुढाऱ्यांनी ते उचलून धरले, कारण टँकर का आला नाही याचे उत्तर देण्यापेक्षा ते सोपे होते. ही समजूत चुकीचीच होती. माण-खटाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा तिथे एकही पवनचक्की नव्हती. शंभर मीटर उंचीच्या आतबाहेर फिरणारी पाती मोसमी ढगांचे काय करणार? पण शहरातून आलेल्या जाणकारांनी एवढे सांगितले, लोकांना अडाणी ठरवले आणि ते निघून गेले. जमिनीच्या भावाचे, अडवलेल्या वाटांचे, गावात न राहणाऱ्या नफ्याचे उत्तर त्यांच्याकडे कुणी मागितले नाही. पावसाची अफवा खोडली की सगळी तक्रारच खोटी ठरली. हा अन्याय मी विसरलेलो नाही.

नुकसान होतच होते, आणि ते मोजताही येत होते. 2011 मध्ये माधव गाडगीळ समितीने भीमाशंकरजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पात जंगल आणि डोंगरउतार कसे फोडले गेले हे मांडले. 2018 मध्ये संशोधक मारिया ठाकेर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी चाळकेवाडीचा अभ्यास प्रसिद्ध केला: पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, आणि ते घटल्याने सरडे वाढलेले. पठार बदलले, असे गुराखी त्याआधी कितीतरी वर्षे सांगत होते. त्यांचे म्हणणे पावसाच्या अफवेबरोबर केराच्या टोपलीत गेले.

आता मराठवाड्यात जमिनीची तीच घाई आहे. मला वारा हवा आहे, वीजही हवी आहे. पण करारनामा मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा, भाडे किती आणि किती वर्षे हे चावडीवर लावले जावे, आणि गुंडांच्या आधी तलाठी-तहसीलदार गावात पोहोचावेत.