बिझनेस कोचला फी नेमकी कशाची द्यायची?

यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं, मग कोचला पैसे कशाला द्यायचे, असं तुमच्यातले बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि आम्हा ट्रेनर लोकांची झोप उडवणारा आहे.

पूर्वी सल्लागाराची कमाई माहितीवर चालायची. योजना कुठली, फॉर्म कसा भरायचा, हे त्यालाच ठाऊक असायचं. आता उद्यम नोंदणीचंच बघा. 1 जुलै 2020 ला सुरू झालेली ही नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, कागदपत्रंही अपलोड करावी लागत नाहीत. (तरी तिचे पैसे घेणारे आजही भेटतात!) नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि बिझनेस प्लॅनचा कच्चा मसुदा पाच मिनिटांत मिळायला लागला. मग काही जणांनी हॉल भरवून जोश विकायला घेतला. तो सोमवारी शटर उघडेपर्यंत टिकला तरी खूप.

मग कोचकडे विकायला उरतं काय? तुमच्या दुकानाचा हिशोब. '10 टक्के डिस्काउंट द्या, गिऱ्हाईक वाढेल' हा सल्ला कुणीही देईल. पण तुमची वस्तू 85 ला पडते आणि 100 ला जाते. आता ती 90 ला जाणार, म्हणजे नगामागे 15 ऐवजी 5 च सुटणार. आधी 100 नगांत 1500 रुपये सुटायचे, तेवढ्यासाठी आता 300 नग विकायचे. तिप्पट गिऱ्हाईक त्या गल्लीत आहे का? तेवढा माल भरायला भांडवल आहे का? तेच 50 ला पडलेली वस्तू 100 ऐवजी 90 ला दिली, तर 125 नगांत भागतं. सल्ला एकच, पण एक दुकान तरतं आणि दुसरं बसतं.

एकेकाचा हिशोब असा उलगडायला वेळ लागतो. 500 जणांच्या वेबिनारमध्ये ते होत नाही, आणि एकट्यासाठी बसायचं तर फी छोट्या दुकानदाराला झेपत नाही. आमच्या धंद्याची खरी गोची इथे आहे. त्यात उधारीची वही कुणी पटकन दाखवत नाही, तेही आहेच.

म्हणून फी भरण्याआधी विचारा: 'सर, माझी तीन महिन्यांची खरेदी-विक्री बघाल का?' उत्तरात सर्टिफिकेट आणि ऑफरची शेवटची तारीख आली, तर थांबा. बघतो म्हणाले, तर फी हप्त्यांत ठरवा, पहिला हप्ता छोटा.

पुढच्या व्हिडिओत उधारीचं गणित घेऊ. तोवर सगळ्यात जास्त खपणाऱ्या पाच वस्तूंचा खरेदी आणि विक्रीचा भाव लिहून ठेवा. खरेदीत हमाली आणि टेम्पोचं भाडंही धरा बरं का.