टार्गेटच्या यादीत आपलं नाव



मार्च जवळ आला की आम्हा समन्वयकांच्या फोनला उसंत नसते. "आकडा किती झाला? किती राहिला?" २०२१ मध्ये तर जास्तच. टार्गेट ठरलं होतं लॉकडाऊनच्या आधी आणि वर्ष निघालं असं. मागच्या महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, सह्या तर घेऊन गेलात, पण काम कुठंय?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते.

टार्गेट येतं कुठून?

आपल्याकडच्या शिवणकाम, पार्लर, मसाला, शेळीपालन अशा प्रशिक्षणांना कधी सरकार, कधी कंपनी, तर कधी परदेशी संस्था पैसे देते. कंपन्यांच्या पैशाला आपण सीएसआर म्हणतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामासाठी खर्च करावी लागते. पैसे देताना करार होतो. इतक्या बायकांना शिकवायचं, त्यातल्या इतक्यांना रोजगार मिळवून द्यायचा, अमुक तारखेच्या आत. हेच टार्गेट. पुढचा हप्ता पुष्कळदा त्यावरच अडलेला असतो.

म्हणजे टार्गेटमध्ये दोन आकडे असतात. शिकल्या किती, हा पहिला. कमवायला लागल्या किती, हा दुसरा. पहिला आकडा हजेरीपत्रकावरून निघतो. दुसरा पटकन निघत नाही, आणि निघूही नये. सरकारच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत शिकलेल्यांपैकी किमान ७० टक्के मुलामुलींना नोकरी लागावी आणि ती किमान ३ महिने टिकावी, असा नियम आहे. चार दिवस जाऊन आली म्हणजे नोकरी लागली, असं तिथं धरत नाहीत.

२०२० मध्ये काय झालं?

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. बैठका बंद, प्रशिक्षणं बंद, एसटी बंद. पार्लर शिकलेल्या पोरींचं तर काय सांगावं! राज्यात पार्लर उघडायला २८ जून उजाडला, तेही मोजक्याच कामांसाठी. एमआयडीसीतले कारखाने हळूहळू सुरू झाले, पण इंदापूरच्या आतल्या गावातल्या बाईनं गाडीशिवाय बारामतीला जायचं कसं? शिकलेलं हातात होतं, पण ते वापरायला वाट नव्हती.

पैशाची दिशाही बदलली. २३ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं सांगितलं की कोरोनासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरला जाईल. त्यामुळे कंपन्यांना तोच पैसा किराणा किट, सॅनिटायझर, दवाखान्याचं साहित्य यावर खर्च करता आला. त्याची तेव्हा गरज होतीच. परदेशी निधीचा कायदाही सप्टेंबरमध्ये बदलला. एका संस्थेनं आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आणि संस्थेच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन गावात काम करणाऱ्या छोट्या संस्थांची त्यात अडचण झाली.

मास्क शिवले, तो रोजगार का?

आपल्या कितीतरी गटांनी लॉकडाऊनमध्ये मास्क शिवले. घरात पैसा येत नव्हता तेव्हा त्या कामानं चूल पेटवली. पण समजा, एका ताईनं २० दिवस मास्क शिवले, तिला २,००० रुपये मिळाले आणि मग काम थांबलं. अहवालात तिच्यापुढं "रोजगार मिळाला" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई आजही कमावते. खरी नोंद अशी हवी: "२० दिवसांचं काम, २,००० रुपये, आता काम नाही." रोजगार हमीच्या कामावर आपण दिवस मोजतो ना? तसंच इथंही दिवस मोजायचे.

हे मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. एका प्रकल्पाच्या माझ्या यादीतही अशी नावं होती. एका ताईंकडं दहा वर्षांपासून शिलाई मशीन आहे. प्रशिक्षणाला त्या दोन दिवस आल्या. आकडा भरायची घाई होती म्हणून मी त्यांच्यापुढं "स्वयंरोजगार सुरू" असं लिहिलं होतं. नंतर झोप लागेना. ती नावं मी खोडली, आकडा खाली आला, बोलणी खाल्ली.

खोट्या आकड्यानं आपलं काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. तुमचं नाव एकदा "रोजगार मिळाला" या रकान्यात गेलं की पुढच्या योजनेत "यांना लाभ मिळालाय" म्हणून ते मागं पडू शकतं. पैसे देणाऱ्याला वाटतं, या गावातलं काम झालं, आता दुसरीकडं जाऊ. आणि तुम्ही इकडं कामाची वाट बघत बसता. आकडा संस्थेचा असला तरी नाव तुमचं आहे.

मग टार्गेट पुरं न झाल्यास पैसा परत जाईल का? दरवेळी नाही. २२ जानेवारी २०२१ पासून एक नियम लागू झालाय. जे काम एका वर्षापेक्षा जास्त चालणारं म्हणून कंपनीनं मंजूर केलंय, त्याचा न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर खर्चायचा. म्हणून मुदतवाढ मागायला लाजायचं कारण नाही. खरं कारण लिहून, वेळेवर मागायची.

गटानं काय करायचं?

१. सही करण्याआधी कागद वाचून घ्या, नाहीतर मुलीकडून वाचून घ्या. हजेरीची सही वेगळी, साहित्य मिळाल्याची वेगळी आणि काम मिळाल्याची वेगळी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाहीच.

२. प्रशिक्षण झालेल्या प्रत्येक ताईची नोंद दर महिन्याच्या इतिवृत्तात करा: या महिन्यात किती दिवस काम, किती पैसे, कुणाकडून. काम नसेल तर "काम नाही" असंच लिहा.

३. शिकलेलं काम आपल्या गावात चालणार नसेल तर तसा ठराव करून ग्रामसंघामार्फत संस्थेला द्या. पार्लरऐवजी डाळिंबाची प्रतवारी, मसाला किंवा आणखी काही हवं असेल तर तेही लिहा. करार बदलून घेता येतो, पण तुमची मागणी कागदावर असली तरच आम्हाला ती पुढं मांडता येते.

४. अहवाल पाठवण्याआधी यादी बैठकीत मोठ्यानं वाचायला सांगा. माझ्यापासून सुरुवात करा. येत्या बैठकीला मी यादी घेऊन येणार आहे. चुकलेलं नाव दिसलं तर तिथंच सांगा.

त्या इंदापूरच्या ताईंना एवढंच सांगते: तुमच्या नावापुढं सध्या "काम नाही" असं लिहिलंय. ते खरं आहे, म्हणूनच त्यावर पुढं बोलता येईल.